काळीवरचें घर आणि पायाच्या भेगा



चैत्र सरत येतो, आखाजीस लेकी माहेरीं यावयाच्या म्हणून घराची रंगरंगोटी निघते, आणि आमच्या खानदेशांतील अनेक कुटुंबांस त्याच सुमारास एक अप्रिय शोध लागतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली एक तिरपी भेग जोत्यापर्यंत उतरलेली असते. गेल्या वर्षीं ती केसाएवढी होती. यंदा तींत पोस्टकार्डाची कड सहज जाते. मग गवंड्यास बोलावणें होतें, भेगेंत सिमेंट भरलें जातें, वरून रंगाचा हात फिरतो आणि सण साजरा होतो. पुढच्या उन्हाळ्यांत तीच भेग, किंवा तिच्या शेजारीं तिची धाकटी बहीण, पुन्हां दिसूं लागते. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ या म्हणीचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. भेग भिंतीवर दिसते, पण रोग बहुधा जमिनींत असतो, आणि जमिनीचा रोग भिंतीला औषध देऊन बरा होत नाहीं. ही भेग कां पडते, ती वाचावी कशी, कोणती भेग निरुपद्रवी व कोणती घातक, आणि दुरुस्ती कोणत्या क्रमानें करावी, याचा विचार आज आपण करूं.

विषय रुक्ष वाटेल, पण क्षुल्लक नाहीं. आमच्या अमळनेरसारख्या गांवीं घर म्हणजे एखाद्या नोकरदाराच्या भविष्यनिर्वाह निधीचें, एखाद्या शेतकऱ्याच्या दोनचार चांगल्या हंगामांचें किंवा एखाद्या माउलीच्या मोडलेल्या दागिन्यांचें झालेलें रूपांतर होय. तें दुसऱ्यांदा बांधण्याचें सामर्थ्य फारच थोड्यांच्या अंगीं असतें. म्हणून त्याच्या पायाची भाषा घरधन्यास थोडी तरी कळली पाहिजे.

प्रथम जमिनीकडे पाहूं. आपल्या पूर्वजांनीं गांवच्या भूमीचे दोन भाग मानले होते. जेथें पीक येतें ती काळी आणि जेथें माणसें राहतात ती पांढरी. ‘काळी-पांढरी’ ही जोडी जुन्या कागदपत्रांतून नेहमीं आढळते. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, राख व केरकचरा यांचे थर साचून ती आणखी उंच होत जाई. तापीकाठीं प्रकाशें येथें अशाच एका टेकाडाचें उत्खनन बी. के. थापर यांनीं १९५५ सालीं केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक रचलेले आढळले. या पांढरीवरचीं घरें मातीच्या भिंतींचीं, लाकडी खांबांचीं आणि धाब्याचीं असत. जमीन थोडी हलली तर तीं थोडीं वांकत, आणि पुढच्या लिंपणांत तो दोष झांकून जाई.

आज स्थिति पालटली आहे. गांव पांढरीच्या बाहेर पसरला. जेथें कपाशी डोलत होती तेथें बिनशेतीचे प्लॉट पडले, आणि काळीवर विटा, सिमेंट व काँक्रीट यांचीं ताठर घरें उभीं राहिलीं. जी जमीन कपाशीला उत्तम ती घरालाही उत्तम असतेच असें नाहीं. किंबहुना ज्या गुणामुळें ती कपाशीला मानवते, तोच गुण घराला बाधतो. तो गुण म्हणजे पाणी शोषून धरून ठेवण्याची तिची विलक्षण शक्ति.

हा गुण तिच्यांत कोठून आला? दख्खनचें पठार ज्या काळ्या दगडाचें बनलें आहे, तो बेसाल्ट सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थिजलेला थर आहे. हा दगड झिजून जी चिकणमाती होते, तींत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज विपुल असतें. या खनिजाचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पोथीचीं पानें एकावर एक ठेवावीं तशी त्यांची रचना असते. पाणी मिळालें कीं तें या पानांच्या मध्यें शिरतें आणि पोथी फुगते. पाणी निघून गेलें कीं पानें मिटतात आणि माती आकसते. वैशाखांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा आपण पाहतों, आणि आषाढांत त्याच शेतांत भेगेचा मागमूसही राहत नाहीं. जी जमीन शेतांत अशी आकसते व फुगते, तीच आपल्या घराखालींही आहे, ही गोष्ट मात्र आपण विसरतों.

आपल्या प्लॉटची माती कितपत फुगणारी आहे, हें अजमावण्याची एक सोपी परीक्षा भारतीय मानकांत सांगितलेली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंतही ती करतां येते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनें चाळावी. १०० घन सेंटिमीटरचीं दोन मोजपात्रें घेऊन प्रत्येकांत या मातीचे १० ग्रॅम घालावे. एका पात्रांत घासलेट व दुसऱ्यांत शुद्ध केलेलें पाणी भरावें, ढवळून हवेचे बुडबुडे घालवावे आणि २४ तास तीं तशींच ठेवावीं. घासलेटानें ही माती फुगत नाहीं, पाण्यानें फुगते. समजा, घासलेटांत मातीचें आकारमान १० घन सेंटिमीटर भरलें आणि पाण्यांत तें १८ झालें, तर तिचा फुगवटा शेंकडा ८० झाला. शेंकडा ५० च्या आंत असेल तर चिंता थोडी. ५० ते १०० मध्यम. १०० ते २०० अधिक. आणि २०० च्या वर असेल तर फारच अधिक, असें मानकांचें वर्गीकरण आहे. घर बांधण्यापूर्वीं हें एवढें जरी केलें, तरी पुढचा पुष्कळ मनस्ताप वांचेल.

आतां असा प्रश्न येईल कीं, माती फुगली आणि आकसली, तरी घराला भेग कां पडावी? घराखालची सारी माती एकाच वेळीं व सारखीच फुगली असती, तर घर नावेप्रमाणें सबंध वर आलें असतें आणि सबंध खालीं गेलें असतें. भेग पडली नसती. अपाय होतो तो विषमतेनें. घराच्या मध्यभागाखालच्या मातीला ऊन लागत नाहीं व वारा लागत नाहीं, म्हणून तिचा ओलावा वर्षभर बहुतेक कायम राहतो. कडेची माती मात्र उन्हाळ्यांत वाळून आकसते व पावसाळ्यांत भिजून फुगते. म्हणजे घराचा मध्य स्थिर आणि कडा वर-खालीं होणाऱ्या, अशी ओढाताण दरवर्षीं चालते. त्यांतच एका बाजूस न्हाणीचें पाणी मुरत असलें, दुसऱ्या बाजूस निंबाचें मोठें झाड मातींतील ओल शोषीत असलें, तर ही विषमता आणखी वाढते.

काँक्रीटचा स्वभावही येथें लक्षांत घेतला पाहिजे. दाब सहन करण्यांत तें भक्कम आहे. ताण सहन करण्याची त्याची शक्ति मात्र दाबाच्या मानानें सुमारें एक दशांशच असते. ती उणीव भरून काढण्यासाठीं त्यांत लोखंडी सळया घालतात. पाया एका बाजूनें उचलला किंवा खचला म्हणजे काँक्रीट ताणलें जातें, आणि जेथें सळई नाहीं किंवा अपुरी आहे तेथें तें फाटतें. आणखी एक नवल असें कीं, तिमजली इमारतीपेक्षां एकमजली घर व कुंपणाची भिंत यांनाच हा रोग अधिक जडतो. फुगणारी माती वरच्या ओझ्याला उलट रेटा देते. ओझें जड असलें तर तें मातीला दाबून धरतें, हलकें असलें तर माती त्याला उचलते.

येथवर कारण झालें. आतां भेग वाचावयास शिकूं.

जोत्यावर किंवा गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या बारीक चिरा असतील, तर त्या बहुधा काँक्रीट किंवा गिलावा लवकर वाळल्याच्या खुणा होत. आमच्याकडील कोरड्या उन्हांत हें फार घडतें. साध्या पोर्टलंड सिमेंटाच्या काँक्रीटवर निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा उष्ण व कोरडी असेल तर निदान १० दिवस पाणी मारून ओल राखावी, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. तो न पाळल्याचें हें प्रायश्चित्त. या चिरा कुरूप दिसतात, पण घराला सहसा धोका करीत नाहींत.

सरळ उभी व वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची भेग, विशेषतः जुन्या व नव्या बांधकामाच्या सांध्यावर, ही पुष्कळदां आकसण्यानें किंवा ऊन-थंडीनें पडते. तिच्याकडे लक्ष ठेवावें, घाबरूं नये.

खिडकीच्या वा दाराच्या कोपऱ्यांतून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनीं तिरपी जाणारी भेग मात्र पायाची असते. तिची रुंदी कोठें अधिक आहे हें पाहावें. भेग वर रुंद व खालीं निमुळती असेल, तर भिंतीचें टोंक खालीं जात आहे किंवा मध्य वर येत आहे. भेग खालीं रुंद व वर निमुळती असेल, तर मध्य खचत आहे किंवा टोंक वर उचललें जात आहे. हातांत पुठ्ठ्याची पट्टी धरून, खालून अर्धवट कापून वांकवून पाहिलें म्हणजे मुलासही हें समजेल.

आडवी भेग, आणि तिच्या कडेला तांबूस डाग, ही सळया गंजल्याची खूण आहे. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आंतून काँक्रीट फोडतो. तळघराच्या किंवा भरावाच्या भिंतीला आडवी भेग पडून भिंत आंत फुगली असेल, तर तो मातीचा रेटा होय, आणि तेथें विलंब न लावतां अभियंत्यास बोलवावें.

रुंदीचाही विचार करावा. ब्रिटनमधील इमारत संशोधन संस्थेनें भेगांची जी वर्गवारी केली आहे, तींत १ मिलिमीटरपर्यंतची भेग किरकोळ मानली आहे. ५ पर्यंतची, भरून काढतां येण्याजोगी. ५ ते १५ पर्यंतच्या भेगांबरोबर दारें-खिडक्या अडकूं लागतात. १५ ते २५ म्हणजे भिंतीचा कांहीं भाग उतरवून पुन्हां बांधावा लागण्याची वेळ. आणि २५ च्या वर म्हणजे घराचें स्थैर्यच संशयित.

परंतु आजची रुंदी जाणण्यापेक्षां भेग जिवंत आहे कीं मेलेली, हें जाणणें अधिक महत्त्वाचें आहे. जी भेग अजून वाढते किंवा ऋतूप्रमाणें उघडते-मिटते ती जिवंत. जी पूर्वीं केव्हां तरी पडून थांबली ती मेलेली. याची परीक्षा खर्चाची नाहीं. भेगेच्या दोन्ही बाजूंस एकेक बारीक खिळा ठोकावा, त्यांमधील अंतर मोजपट्टीनें मोजावें, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तें वहींत लिहावें. भेगेच्या टोंकाशीं पेन्सिलीनें रेघ ओढून तारीख घालावी. शेजारीं लिहावें कीं, या महिन्यांत पाऊस किती पडला, कोठें पाणी साचलें, कोणतें दार अडकलें. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी चिकटविली, तर भेग हलतांच ती तडकते. मृगापासून मृगापर्यंत एक पूर्ण वर्ष ही वही ठेवली, म्हणजे जमिनीचा स्वभाव त्या वहींत उतरतो.

माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांच्या घरीं जें घडलें तें येथें सांगण्याजोगें आहे. घर बांधून दोन वर्षें होतात न होतात तोंच मागच्या कोपऱ्याशीं तिरपी भेग पडली. गृहस्थांची ठाम समजूत झाली कीं, गवंड्यानें सिमेंट चोरलें. त्यांनीं त्याच्या मजुरीची राहिलेली रक्कम अडवून धरली. तोही हातावर पोट असलेला माणूस, त्यानें गल्लींत उभें राहून शपथा घेतल्या. दोन घरांत बोलणें बंद झालें. पुढें त्यांच्या शाळेंत जाणाऱ्या नातीनें खेळ म्हणून अशी वही ठेवली. तींत दिसून आलें कीं, भेग उन्हाळ्यांत मिटत नाहीं आणि पावसाळ्यांतही मिटत नाहीं. ती दर महिन्यास थोडथोडी वाढतच आहे, आणि ती खालीं रुंद व वर निमुळती आहे. ज्या भेगेला ऋतु ठाऊक नाहीं, तिला पाणी पुरविणाराही ऋतु नसून दुसरा कोणी असला पाहिजे. त्या कोपऱ्यालगत जमिनीखालीं पाण्याची टाकी होती. ज्या गांवीं नळाला रोज पाणी येत नाहीं तेथें अशा टाक्या घरोघरीं असतात. रात्रीं टाकीचे सर्व नळ बंद करून पाण्याच्या पातळीशीं खूण केली. सकाळीं पाणी खुणेच्या चार बोटें खालीं होतें. टाकी झिरपत होती, काळी माती फुगत होती, आणि कोपरा वर उचलला जात होता. टाकी दुरुस्त झाल्यावर कांहीं महिन्यांनीं भेग वाढावयाची थांबली. गृहस्थांनीं गवंड्याच्या घरीं जाऊन त्याची रक्कम दिली, आणि भेग बुजविण्याचें कामही त्यालाच सांगितलें. सहा ओळींच्या त्या वहीनें घर तर वांचविलेंच, पण एका निरपराध माणसाची अब्रूही वांचविली.

यावरून दुरुस्तीचा क्रम ठरतो. पहिलें पाणी, दुसरी प्रतीक्षा, आणि तिसरी भेग.

पाण्याचा बंदोबस्त असा करावा. घराच्या भोंवतीं निदान मीटर-दीड मीटर रुंदीचा फरसबंद पट्टा करावा, त्याचा उतार घरापासून बाहेर असावा, आणि त्याच्याखालीं काळी माती न ठेवतां मुरूम ठोकून भरावा. धाब्याचें किंवा गच्चीचें पाणी पायाशीं न सोडतां पन्हळीनें दूर न्यावें. न्हाणी, मोरी, शौचकूप, टाकी यांचे नळ तपासावे. बागेचीं झाडें व वाफे भिंतीशीं लावूं नयेत. मोठें झाड तर त्याच्या पुऱ्या वाढीच्या उंचीइतकें तरी दूर असावें. मात्र एक सावधगिरी. भिंतीशीं जुनें मोठें झाड असेल, तर भेगेच्या रागानें तें एकदम तोडूं नये. इतकीं वर्षें तें ज्या मातीची ओल शोषीत होतें, ती माती झाड गेल्यावर भिजून फुगेल आणि पूर्वीं खचलेली बाजू आतां वर येऊं लागेल. जाणत्याच्या सल्ल्यानें फांद्या उतरवीत, हळूहळू काय तें करावें.

नंतर निदान एक पावसाळा व एक उन्हाळा थांबावें. ही प्रतीक्षाच लोकांना सर्वांत जड जाते. परंतु ऐन उन्हाळ्यांत, भेग पूर्ण उघडलेली असतांना, तींत घट्ट सिमेंट ठांसलें, तर काय होतें तें पाहा. पावसाळ्यांत खचलेला कोपरा वर येतो, भेग मिटूं पाहते, पण आंत सिमेंट पाचरीसारखें बसलेलें असतें. मग ती मिटूं शकत नाहीं आणि शेजारची शाबूत भिंत फुटते. आरंभीं ज्या धाकट्या बहिणीचा उल्लेख केला, तिचा जन्म असा होतो.

भेग मेलेली ठरली म्हणजे ती भरावी. सैल झालेला गिलावा व काँक्रीट काढून टाकावें. छिन्नीनें भेगेच्या मार्गानें बोटभर खोल खांच करावी, घासून धूळ काढावी, पाण्यानें भिजवावी, आणि एक भाग सिमेंट व तीन भाग बारीक स्वच्छ वाळू यांचा, शक्य तर न आकसणारें मिश्रण घातलेला, घट्ट गारा तींत थराथरानें ठांसावा; मग आठवडाभर ओल राखावी. पायाच्या तुळईसारख्या भार वाहणाऱ्या काँक्रीटमध्यें मेलेली भेग असेल, तर तींत एपॉक्सी नांवाचें राळेसारखें द्रव्य दाबानें भरतात. तें दोन्ही कडांना पुन्हां जोडतें. हें काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावें. जिवंत भेगेंत मात्र एपॉक्सी किंवा सिमेंट कामाचें नाहीं; तेथें रबरासारखें ताणलें जाणारें पॉलिसल्फाइड वा पॉलियुरेथेन जातीचें भरण वापरावें, म्हणजे भेग हलली तरी पाणी आंत शिरणार नाहीं. सळई गंजली असेल तर भोंवतालचें पोकळ काँक्रीट सळईच्या मागेंपर्यंत काढून, गंज पूर्ण खरडून, सळईस रक्षक लेप देऊन मगच नवा गारा भरावा. गंजावर गिलावा केला तर तो व्यर्थ.

पायाच खचला असेल तर त्याच्याखालीं नवा, अधिक खोल पाया घालावा लागतो. हें काम मीटर-सव्वामीटर लांबीच्या तुकड्यांनीं आणि एकाआड एक करतात. एक तुकडा भरून पक्का झाल्याखेरीज शेजारचा उघडत नाहींत. भिंतीच्या सबंध लांबीनें पायाशीं चर खणणें म्हणजे भिंतीखालचा आधारच काढून घेणें होय. त्यांत भिंत कोसळून मजूर दगावतात. हें काम अभियंत्याच्या देखरेखीवांचून कोणीही करूं नये.

भिंतीवर नव्हे तर जमिनीवर इलाज करावा, या तत्त्वाचें जगप्रसिद्ध उदाहरण इटलींतील पिसा येथें आहे. तेथील मनोऱ्याचें बांधकाम ११७३ सालीं सुरू झालें, आणि खालची जमीन मऊ असल्यानें तो बांधीत असतांच कलूं लागला. १९९० सालीं तो लोकांस बंद करावा लागला. अभियंत्यांनीं मनोऱ्याला धक्का दिला नाहीं. तो ज्या बाजूस कलत होता तिच्या उलट, उत्तरेच्या बाजूनें, पायाखालची माती तिरप्या छिद्रांतून थोडी थोडी काढून घेतली. मनोरा आपल्याच वजनानें सुमारें ४५ सेंटिमीटर मागें सरकला आणि २००१ अखेर पुन्हां उघडला गेला. तेथील माती निराळी व काम अवाढव्य. पण माती समजून घेतल्याखेरीज इमारतीला हात न लावण्याचा धडा आपल्या दोन खोल्यांच्या घरासही तितकाच लागू आहे.

ज्यांना अद्याप घर बांधावयाचें आहे, त्यांच्यासाठीं चार शब्द. प्लॉटवर एक खड्डा खणून काळीची जाडी पाहावी. थोड्या खोलीवर मुरूम किंवा दगड लागत असेल, तर पाया तेथवर नेणें हाच उत्तम मार्ग. काळी फार खोल असेल, तर रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें विकसित केलेली अंडर-रीम पाइलची पद्धति आहे. तींत जमिनींत साडेतीन मीटरच्या सुमारास खोल गोल छिद्रें पाडून, तळाशीं त्यांचा व्यास साधारण अडीचपट रुंद करून, सळयांसह काँक्रीट भरतात. तेवढ्या खोलीवर ऋतूंचा परिणाम नगण्य असतो, आणि तळचा फुगीर भाग खांबाला नांगराप्रमाणें धरून ठेवतो. खांबांवरील तुळई व जमीन यांमध्यें पोकळी राखतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला रेटा बसत नाहीं. दुसरा मार्ग मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनांतून निघाला: काळीवर न फुगणाऱ्या चिकट मुरुमासारख्या मातीचा थर ठोकून बसवावा, म्हणजे खालच्या मातीचें फुगणें आटोक्यांत राहतें. कालव्यांच्या कामीं या पद्धतीचा विशेष उपयोग झाला आहे. आणि सर्वांत सोपी गोष्ट ही कीं, पायांतून निघालेली काळी माती जोत्यांत भरूं नये. ती फुकट मिळते म्हणून भरतात, आणि पुढें फरशी उचलली गेली म्हणजे आश्चर्य करतात.

एक इशारा देणें अवश्य आहे. भेग एका आठवड्यांत डोळ्यांदेखत वाढली, भिंत ओळंब्याबाहेर गेली, तुळई किंवा धाब्याची सरी भिंतींतून सरकली, किंवा रात्रीं तडतड असा आवाज येऊं लागला, तर वही, मोजपट्टी व प्रतीक्षा हीं सर्व बाजूस ठेवून माणसें व गुरें प्रथम बाहेर काढावीं आणि जाणत्या अभियंत्यास बोलवावें. संततधारेंत जुन्या मातीच्या घरांविषयीं तर क्षणाचाही विलंब करूं नये. घर पुन्हां उभें करतां येतें. त्यांतील माणूस नाहीं.

ज्यांच्या घराला आज अशी भीति नाहीं, त्यांनीं एवढेंच करावें. मृगाची पहिली मोठी सर आली कीं छत्री घेऊन आपल्या घराभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी. पन्हळीचें पाणी कोठें पडतें, अंगणाचा उतार कोणीकडे आहे, कोणत्या कोपऱ्याशीं डबकें साचून राहतें आणि शेजाऱ्याचें पाणी कोणत्या बाजूनें आपल्या पायाकडे येतें, हें डोळ्यांनीं पाहावें, आणि पाऊस उघडतांच कुदळ घेऊन त्या पाण्याला वाट करून द्यावी. या कामास ना सिमेंट लागत, ना गवंडी.